‘रवाची नाय’ म्हणण्याआधी तिला तपासा

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नवरा मुंबईला, मुलगाही यंदा तिकडेच नोकरीला लागला. घरी त्या, सासूबाई आणि तीन गुरं. त्यातली एक तांबूस रंगाची, ठेंगणी गावठी गाय त्यांच्या वडिलांनी सात वर्षांपूर्वी पाडी असताना दिली. वडील आता नाहीत. गाईची तीन वेतं झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये व्यायली तेव्हा वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, पडली नाही, ती ताईंनी स्वतःच हातानं ओढून काढली. त्यानंतर नोव्हेंबरपासून पाच वेळा जर्सीचं रेतन केलं, गाय प्रत्येक वेळी उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘१३ मार्चनंतर तर ती हंबरलीच नाही. आता माजावरसुद्धा येत नाही,’ असं त्या लिहितात. सासूबाई म्हणतात, ‘ती काय आता रवाची नाय (गाभण राहायची नाही), गाऱ्हाणं घाल नायतर विकून टाक.’ मुलानं मोबाइलवर गाईंच्या आयव्हीएफचे आणि नव्या थेरपीचे व्हिडिओ बघितले, तो २५,००० रुपये पाठवायला तयार आहे. गावात फिरणारा एक औषधवाला १८,००० रुपयांत हार्मोनच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स देतो म्हणतो, ‘शंभर टक्के गाभण’ या बोलीवर. ताई विचारतात, ‘यातली कुठली थेरपी करू? की मन घट्ट करून विकू? आणि हे माझ्याच हातून झालं का?’

ताई,

तुम्ही पत्रासोबत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांचे फोटो पाठवलेत, रेतनाच्या तारखांना पेनानं गोल केलेले. त्यासाठी तुमचे आभार मानतो. तीस वर्षं गुरांच्या डॉक्टरकीत घालवली, पण ‘कधी भरवली, म्हणजे रेतन कधी केलं?’ या प्रश्नाला ‘शिमग्याच्या जरा आधी’ यापलीकडे उत्तर देणारी माणसं कमीच भेटली. तुमच्या त्या पाच गोलांत निम्मं उत्तर आहे. त्याकडे येतोच.

आधी एक गोष्ट, आणि ती तातडीची आहे. १३ मार्चला रेतन झालं आणि त्यानंतर गाय हंबरली नाही, हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही त्याचा अर्थ ‘आता माजही बंद झाला’ असा घेतलात. पण ताई, रेतनानंतर गाय माजावर येत नाही याचं सगळ्यात साधं कारण ती गाभण असते हे आहे! कदाचित नसेलही. मेच्या उकाड्यात, नुसत्या पेंढ्यावर, माज मुका होतो किंवा थांबतो, हेही खरं. पण तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा त्या रेतनाला दोन महिने उलटून गेले होते, आणि या दोन महिन्यांत तिला कुणी हात घालून तपासल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. घरातल्या सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, तपासणी मात्र राहिली.

आणि त्याच गाईला तो औषधवाला हार्मोनचं इंजेक्शन देणार आहे. माज आणायला जे इंजेक्शन देतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिनचं असतं. ते अंडाशयावरचा पीतपिंड विरघळवतं, म्हणून गाय दोन-चार दिवसांत माजावर येते. गाभण गाईत हाच पीतपिंड गर्भ टिकवून धरत असतो. तो विरघळला की गर्भ पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गाईला मालकाच्या शब्दावर, ‘सायेब, तीन म्हयने झाले, माजाक येणा नाय’ एवढं ऐकून, मी न तपासता ते इंजेक्शन दिलं. संध्याकाळ झाली होती, नदीपलीकडे अजून एक गाय अडली होती, मी घाईत होतो. चौथ्या दिवशी त्या घरची वहिनी दवाखान्यात आली. हातात केळीचं पान होतं, त्यावर वीतभरसुद्धा नसलेलं वासरू. इवले खूर दिसत होते. ती मला काही बोलली नाही, पान टेबलावर ठेवलं आणि दाराशी उभी राहिली. त्यानंतर मी न तपासता ते इंजेक्शन एकदाही दिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम: जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा, आणि गाभण तपासणी करून घ्या. हातानं साधारण दोन महिन्यांनंतर खात्रीनं कळतं, सोनोग्राफीचं यंत्र असेल तर महिन्याभरातही. तोवर तिला कुणालाही सुई लावू देऊ नका. आणखी एक. हे औषध कातडीतूनही अंगात शिरतं. घरात कुणी गरोदर बाई असेल किंवा कुणाला दमा असेल तर त्या माणसानं ती बाटली हातातसुद्धा घेऊ नये. गावोगाव औषधं विकणारे हे सांगत नाहीत. नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय अशी औषधं कुणी द्यायची नाहीत, असा कायदाही आहे.

ती गाभण निघाली तर बाकीचं पत्र पुढच्या वेळेसाठी ठेवा. नसेल, तर कॅलेंडर उघडू.

१२ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, १७ जानेवारी, २० फेब्रुवारी, १३ मार्च. मधली अंतरं मोजली तर २२ दिवस, ४४, ३४ आणि २१ येतात. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. पहिलं २२ आणि शेवटचं २१ अगदी बरोबर. म्हणजे तिची अंडाशयं काम करतायत, घड्याळ चालू आहे. ४४ म्हणजे बावीस दुणे चव्वेचाळीस: डिसेंबरच्या अखेरीस एक माज येऊन गेला आणि तो तुम्हाला दिसला नाही. गावठी गाईत हे नेहमीचं. जर्सीसारखा गाजावाजा ती करत नाही, तिचा माज थोडक्या वेळाचा असतो आणि बरेचदा रात्रीत उरकतो. आता ३४ दिवस. हे अंतर मला खटकतं. एक तर जानेवारी आणि फेब्रुवारीपैकी एक माज खरा माज नव्हताच, दुसऱ्या गाईवर चढली म्हणून तसं वाटलं. नाही तर जानेवारीत ती राहिली होती आणि गर्भ काही दिवसांनी जिरला. म्हणजे ‘पाच वेळा केलं, पाचही फुकट’ असं जे तुम्ही लिहिलंत ते तितकंसं बरोबर नाही. त्यातलं एखादं कदाचित लागलंही होतं.

दुसरं, वेळ. तुम्ही लिहिता, ‘ती रात्री हंबरायला लागते, मी सकाळी फोन करते, ते चार-पाचला येतात, एकदा तर दुसऱ्या दिवशी आले.’ आमचा साधा हिशोब असा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी आणि सुटल्यावर फार थोडे तास जिवंत राहतं. रेत त्याच्या आधी तिथे पोचून तयार असायला हवं. रात्री आठला हंबरली तर सकाळी आठ ते दुपारी बारा ही वेळ चांगली. संध्याकाळी पाच म्हणजे उशीर, आणि दुसरा दिवस म्हणजे रेताची कांडी वाया. रेतन करणाऱ्यांनाही दोष देत नाही, एका माणसाकडे वीस-वीस वाड्या असतात. पण नळकांड्यातल्या नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर जपलेली कांडी कितीही उत्तम असली, तरी उशिरा गेली तर कामाची नाही.

इथे सासूबाईंचा उपयोग आहे, आणि हे मी मनापासून सांगतो. म्हाताऱ्या माणसाची झोप सावध असते. पहाटे चारला उठून वाड्यात डोकावणारं माणूस तुमच्या घरात त्याच आहेत. माजाची खरी खूण म्हणजे काचेसारखा स्वच्छ, चिकट, तार धरणारा सोट. गाय बसलेली असताना तो जमिनीवर दिसतो. उठली की शेपटीला लागून वाळतो. त्यांना बॅटरी द्या आणि हे काम त्यांच्यावर सोपवा. गाऱ्हाणंही घालू द्या, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

आता वार. ‘माझ्याच हातून झालं का’ हा तुमचा प्रश्न. वार ओढून काढली की गर्भाशयाच्या आतल्या बाजूला जखमा होतात, तुकडे मागे राहतात, जंतू शिरतात. त्यानं गर्भाशयात मंद सूज राहू शकते, जी बाहेरून कळत नाही: गाय खाते, पिते, माजावर येते, सोटही वरवर स्वच्छ दिसतो, पण गर्भ रुजत नाही. वारंवार उलटण्यामागे हे असू शकतं, ताई. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण वार अडकली ती तुमच्यामुळे नव्हे, आणि रात्री व्यायलेल्या गाईपाशी एकट्या बाईनं, कुणी काही शिकवलेलं नसताना, जे सुचलं ते केलं. पुढच्या वेळी ओढू नका, लोंबणारा भाग नुसता स्वच्छ ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. गाईला ताप आला किंवा तिनं खाणं सोडलं तर त्याच दिवशी.

याच धाग्यातली दुसरी बाब तुमच्या स्वतःच्या तब्येतीची आहे. वार अडकण्याच्या कारणांत ब्रुसेला नावाचा एक जंतू असतो आणि तो उघड्या हातांतून, कच्च्या दुधातून माणसाला लागतो. गाईचं रक्त त्यासाठी तपासून घ्या. तुम्हाला अधूनमधून ताप, अंगदुखी, सांधे धरणं असं काही होत असेल तर तुमच्या डॉक्टरांना ‘मी गाईची वार हातानं काढली होती’ हे आवर्जून सांगा. दूध उकळूनच प्या. आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोचा त्रास दर पावसाळ्यात ऐकतो आपण. त्यानंही गुरं गाभडतात आणि तो गुरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरताना गमबूट घाला.

गर्भाशयातली मंद सूज ओळखायला एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. माजाच्या वेळचा सोट काचेच्या नळीत घेऊन त्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण घालून उकळायचं. पिवळं झालं की आत सूज आहे. आमच्या भाषेत व्हाइट साइड टेस्ट. पाच मिनिटांचं काम, पण आग्रह धरल्याशिवाय कुणी करत नाही. तेव्हा तुम्ही आग्रह धरा. सूज निघाली तर डॉक्टर त्यावर औषध देतील आणि बहुधा एक माज रिकामा सोडायला सांगतील. तो सोडा. घाईत त्या माजावर भरवलेली गाय पुन्हा उलटते.

हे सगळं झाल्यावर मुलाचा व्हिडिओ. त्याचा उत्साह मोडू नका, आईच्या गाईसाठी पहिल्या पगारातून पैसे काढणारा मुलगा आहे तो. पण त्याला आयव्हीएफ म्हणजे नेमकं काय ते सांगा. उत्तम गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीवर बघत सुईनं बीजं काढतात, प्रयोगशाळेत त्यांचं फलन करतात, सातेक दिवस वाढवलेला गर्भ दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटात ठेवतात. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली ‘प्रथम’ नावाचं म्हशीचं रेडकू या पद्धतीनं जन्मलं. म्हणजे तंत्र आपल्याकडे नवं नाही, आणि राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्याला अनुदानही मिळतं. पण ते आहे जास्त दुधाच्या, नावाजलेल्या गाईची वासरं भराभर वाढवण्यासाठी. ज्या गाईचं गर्भाशय सुजलंय तिच्या पोटात प्रयोगशाळेतला गर्भ ठेवला तरी तो तिथेच अडखळणार. आजारी गर्भाशयावर आयव्हीएफ हे औषध नव्हे.

दुसरा व्हिडिओ बहुतेक पीआरपीचा असावा. गाईचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला बिंबिकांचा म्हणजे प्लेटलेटचा दाट भाग गर्भाशयात सोडायचा. त्यात ऊती भरून काढणारे घटक असतात. इटलीतल्या संशोधकांनी वारंवार उलटणाऱ्या गाईंवर हे करून बघितलं आणि फायदा दिसल्याचं मांडलं. मला या वाटेबद्दल आशा आहे, कारण प्रत्येक उलटणाऱ्या गाईच्या पोटात अँटिबायोटिक ओतण्याची आपली सवय सुटायला हवी. पण हे प्रयोग अजून थोड्या गाईंवरचे आहेत. कुणी ते घरपोच आणि खात्रीनं देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

नव्यातलं जे तुमच्या खरंच उपयोगाचं आहे ते मात्र कुणी व्हिडिओत दाखवलं नाही: ठरलेल्या वेळचं रेतन, ज्याला ओव्हसिंक म्हणतात. पहिल्या दिवशी जीएनआरएच या हार्मोनचं इंजेक्शन, त्यानंतर सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, मग दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर सोळा ते वीस तासांनी रेतन, माज दिसो न दिसो. तुमची अडचण मुका माज आणि उशिरा येणारा माणूस, ही आहे ना? इथे दिवस आणि वेळ आठवडाभर आधीच ठरते, रेतन करणाऱ्याला सांगून ठेवता येतं. वाडीतल्या चार बायकांनी मिळून चार गाईंचं एकाच दिवशी ठरवलं तर डॉक्टरांनाही फेरी परवडते. गाय मुळात माजावर येणंच थांबली असेल तर सात-आठ दिवस योनिमार्गात प्रोजेस्टेरॉनचं साधन ठेवून हेच करतात. औषधवाल्याचा ‘कोर्स’ म्हणजे याचीच तोडकीमोडकी नक्कल असण्याची शक्यता मोठी, फक्त आधीची तपासणी वगळून. आणि ‘शंभर टक्के’ हा शब्द तो कुठून आणतो? धडधाकट गाईंच्या कळपातही एका रेतनाला निम्म्याहून कमीच राहतात. तुमची दोन-तीन वेळा उलटली असती तर मी काळजीसुद्धा केली नसती.

हे सगळं चालतं ते पोट भरलेल्या गाईत. आपल्या कातळावरची तांबडी माती आंबट. धो धो पाऊस तिच्यातली खनिजं धुऊन नेतो, मग गवतात स्फुरद कमी, कॅल्शियम कमी, तांबं-जस्त कमी. वर भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं नावाला आणि जे थोडं कॅल्शियम असतं तेही ऑक्झलेट धरून ठेवतं. मार्च ते जून तुमची गाय याच्यावर असते. बरगड्या मोजता येत असतील तर कुठलंही हार्मोन तिला गाभण ठेवणार नाही. रोज तीस-चाळीस ग्रॅम खनिज मिश्रण, मूठभर नव्हे, मोजून; भाताचा कोंडा, थोडी पेंड, गिरिपुष्पाचा किंवा शेवग्याचा पाला, या दिवसांत फणसाच्या साली बेतानं. पोटातल्या जंतांचं औषध. मुलाच्या पैशांतले पहिले दोन-तीन हजार इथे घाला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उलटणाऱ्या गाईंसाठी मुळा, कोरफड, शेवग्याचा पाला, कांडवेल आणि हळदीसोबत कढीपत्ता असा घरगुती क्रम सुचवतं, गूळ-मीठ लावून. माजाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून द्यायला हरकत नाही, पण तपासणीऐवजी नको.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी लिहितो. तुम्ही वर्णन केलेली तांबूस, ठेंगणी, घाटरस्त्यावर न दमणारी गाय म्हणजे कोकण कपिला वाटते. २०१८ साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिला जर्सीच्या कांडीनं का भरवता? वासरू मोठं झालं तर व्यायला अडते. जवळ देशी, लहान बांध्याच्या वळूची कांडी मिळते का विचारा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडेही चौकशी करा. दोन वेतांत सव्वा-दीड वर्ष जाणं हे गावठी गाईत नवल नव्हे, तिला शेजारच्या जर्सीच्या मापानं मोजू नका. दुसरं, पाडीच हवी म्हणून मुलगा लिंगनिश्चित रेतमात्रा सुचवेल. तिनं दहातल्या नऊ पाड्या होतात हे खरं, पण कांडीत शुक्राणू कमी असतात आणि राहण्याचं प्रमाण घटतं. उलटणाऱ्या गाईला ती देऊ नये.

विकण्याबद्दल. तुम्ही तीन ओळींत दूध, पैसे, चारा याबद्दल लिहिलंत आणि मग एकच ओळ: ‘बाबांनी दिलेली आहे, तिची एखादी पाडी तरी राहिली असती.’ माझ्या मते पत्र त्या ओळीसाठी लिहिलंय. तसं असेल तर दुधाच्या हिशोबानं निर्णय घेऊ नका, आणि घरच्यांनाही तो हिशोब दाखवू नका. खरं कारण सांगा. सूज बरी करून, पोट भरून, वेळेवर तीन रेतनं करा. तीनच. त्यानंतरही नाही राहिली तर पैसा ओतणं थांबवा. तेव्हाही ती शेणखत देईलच, तुमच्या माडा-पोफळीला ते लागतं. भाकड गाय विकली की ती कुठे जाते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. परवडत असेल तर ठेवा. परवडत नसेल तर ओळखीच्या, चारा असलेल्या घरी द्या, त्यात अपराध काही नाही.

तपासणी याच आठवड्यात करा, पाऊस लागला की रस्ते आणि डॉक्टर दोन्ही अवघड. तिच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर आणि कॅलेंडरची ती पानं सोबत न्या. आणि ती गाभण निघालीच, तर १३ मार्चपासून २८० दिवस म्हणजे १८ डिसेंबरच्या आसपास व्यायेल. ऑक्टोबरच्या मध्यावर दूध आटवा, आणि त्या तारखेलाही पेनानं एक गोल करून ठेवा.